डॉट नेट फ्रेमवर्कचे क्युम्युलेटिव्ह अपडेट : पतसंस्थेतील वापरानंतरचे परीक्षण

मी एका सहकारी पतसंस्थेचे संगणक सांभाळते. मुख्य शाखा आणि दोन उपशाखा मिळून १८ संगणक आणि एक सर्व्हर, एवढाच आमचा पसारा आहे. परंतु ठेवी, कर्जे, पिग्मी आणि पासबुक छपाई ही सगळी कामे ज्या सॉफ्टवेअरवर चालतात ते मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट फ्रेमवर्कवर बांधलेले आहे, आणि त्यामुळे या फ्रेमवर्कमध्ये काहीही बदलले की त्याचा परिणाम थेट काउंटरसमोर रांगेत उभ्या असलेल्या सभासदापर्यंत पोहोचतो. काउंटरवरचे सर्व संगणक विंडोज ११ वर असून त्यांत फ्रेमवर्कची ४.८.१ ही आवृत्ती आहे. सर्व्हर विंडोज सर्व्हर २०१९ चा असून त्यावर मूळच्या ४.७.२ च्या जागी आम्ही ४.८ बसवलेली आहे. या यंत्रणेवर गेली अनेक वर्षे मी स्वतःच्या हाताने क्युम्युलेटिव्ह अपडेट बसवत आले आहे, आणि हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. डॉट नेट फ्रेमवर्क २००२ मध्ये आले. प्रोग्रामरने लिहिलेला प्रोग्राम चालवणारे इंजिन आणि त्याला लागणाऱ्या तयार घटकांचे भांडार, असे त्याचे दुहेरी स्वरूप आहे. आपल्या संगणकावर एखादे हिशेबाचे किंवा दवाखान्याच्या नोंदींचे सॉफ्टवेअर असते, त्यातील खिडक्या, बटणे, डेटाबेसशी होणारी देवाणघेवाण, छपाई यांपैकी बरेचसे काम प्रत्यक्षात फ्रेमवर्क करत असते. म्हणून फ्रेमवर्कमध्ये सुरक्षेची एखादी फट राहिली, तर त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ती फट आपोआप उतरते. ती बुजवण्यासाठी जे दुरुस्तीचे पुडके येते ते हे अपडेट.

त्याच्या नावातील ‘क्युम्युलेटिव्ह’ हा शब्द महत्त्वाचा आहे. या पुडक्यात त्या महिन्याच्या दुरुस्त्यांबरोबर त्याआधीच्या सर्व महिन्यांच्या दुरुस्त्याही असतात. ऑक्टोबर २०१६ पूर्वी विंडोज ७ सारख्या जुन्या प्रणालींवर प्रत्येक दुरुस्तीचे वेगळे पॅच येत असत, आणि ते बसवताना कुठले आधी, कुठले नंतर, कुठले राहून गेले याचा हिशेब ठेवणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसे. ऑक्टोबर २०१६ पासून मायक्रोसॉफ्टने त्या प्रणालींसाठी एकत्रित मासिक पुडक्याची पद्धत सुरू केली. विंडोज १० मध्ये तर फ्रेमवर्कच्या दुरुस्त्या विंडोजच्या स्वतःच्या मासिक अपडेटमध्येच मिसळलेल्या असत. पुढे २०१८ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून आणि विंडोज सर्व्हर २०१९ पासून फ्रेमवर्कचे क्युम्युलेटिव्ह अपडेट विंडोजच्या अपडेटपासून वेगळे झाले. माझ्या मते हा गेल्या दहा वर्षांतील सर्वांत उपयुक्त बदल होय. फ्रेमवर्कच्या अपडेटने एखादे सॉफ्टवेअर अडले, तर तेवढेच अपडेट बाजूला ठेवता येते आणि विंडोजच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र चालू राहतात. त्याआधी यांपैकी एक नाकारायचे म्हणजे दोन्ही नाकारावी लागत.

या पद्धतीचा प्रत्यक्ष लाभ मला एका उपशाखेत दिसला. तेथील एक संगणक बिघाडामुळे कित्येक महिने कपाटात पडून होता. तो दुरुस्त होऊन आला तेव्हा मधल्या महिन्यांतले एकही पॅच शोधत बसावे लागले नाही. चालू महिन्याचे एकच अपडेट बसवले, एकदा रीस्टार्ट केला आणि तो इतर संगणकांच्या बरोबरीला आला.

आता प्रत्यक्ष बसवण्याविषयी. ज्याच्याकडे एखाद-दुसरा संगणक आहे त्याने विंडोज अपडेटवरच विसंबावे. तेथे स्वतःहून करण्यासारखे काहीच उरत नाही. आमच्यासारख्या ठिकाणी मात्र एकाच वेळी अठरा संगणकांनी अपडेट उतरवायला घेतले की उपशाखेच्या इंटरनेट जोडणीवर ताण येतो. म्हणून मी मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून, म्हणजे अपडेट्सच्या फाइली मिळतात त्या संकेतस्थळावरून, एमएसयू या विंडोज अपडेटच्या प्रकारची फाइल एकदाच उतरवते, ती सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवते आणि तेथून प्रत्येक संगणकावर बसवते. फाइलवर डबल क्लिक केले तरी पुरते. पण विंडोजमधील ‘वुसा’ हा प्रोग्राम कमांडने चालवला आणि त्याला ‘क्वाएट’ व ‘नोरीस्टार्ट’ हे दोन पर्याय दिले, तर कुठलाही प्रश्न न विचारता काम होते आणि रीस्टार्टची वेळ आपल्या हातात राहते. काउंटर चालू असताना संगणक आपोआप बंद होणे आम्हाला परवडणारे नसल्यामुळे हा दुसरा पर्याय मला फार मोलाचा वाटतो.

कॅटलॉगवरून उतरवताना एका ठिकाणी लक्ष द्यावे लागते. एकाच नोंदीखाली दोन फाइली दिसतात, कारण एकाच विंडोजवर फ्रेमवर्कच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असू शकतात. आमच्या सर्व्हरच्या बाबतीत एक फाइल ४.७.२ साठी आणि दुसरी ४.८ साठी असते. दुसरीच्या नावात ‘एनडीपी४८’ ही अक्षरे असतात, त्यावरून ती ओळखता येते. हे अपडेट ४.७.२ चे ४.८ करत नाही किंवा ४.८ चे ४.८.१ करत नाही, हेही येथेच सांगून ठेवते. जी आवृत्ती आहे तिच्यातल्याच दुरुस्त्या ते करते. आवृत्ती बदलण्यासाठी वेगळे पुडके लागते. अपडेट बसवूनही आवृत्तीचा आकडा बदलला नाही म्हणून चिंतेत पडलेले अनेक जण मला भेटले आहेत, आणि त्यांची चिंता स्वाभाविक आहे, कारण या उत्पादनातील सर्वांत मोठी उणीव याच ठिकाणी आहे.

ती उणीव अशी, की अपडेट बसले किंवा नाही आणि बसले असल्यास कोणते, हे सामान्य माणसाला सहज कळण्याची कुठलीही सोय यात नाही. फ्रेमवर्कचे फोल्डर उघडून पाहिले तर त्याचे नाव ४.०.३०३१९ असे दिसते, मग आत ४.५ असो की ४.८.१. २०१० च्या ४.० या आवृत्तीनंतर आलेली प्रत्येक ४.x आवृत्ती आधीचीच जागा घेते आणि फोल्डरचे नाव तेच राहते, हे त्यामागचे कारण आहे. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, ‘रिलीज’ नावाची एक नोंद असते. आमच्या सर्व्हरवर ती ५२८०४९ अशी आहे, म्हणजे ४.८, तीच ५३३३२० किंवा त्याहून मोठी असेल तर ४.८.१ समजावी. पण हा आकडासुद्धा आवृत्ती सांगतो, मासिक अपडेट सांगत नाही. म्हणजे दोन वर्षे एकही अपडेट न बसवलेला संगणक आणि काल अपडेट बसवलेला संगणक या दोन्हींची रजिस्ट्री एकच आकडा दाखवते.

मग पाहायचे कुठे? मी फ्रेमवर्कच्या फोल्डरातील ‘सीएलआर’ या डीएलएल प्रकारच्या फाइलवर (फ्रेमवर्कचे इंजिन तीत असते) उजवे क्लिक करून तिच्या तपशिलात फाइलची आवृत्ती पाहते. ४.८.१ असेल तर तो आकडा ४.८.९ ने सुरू होणारा असतो आणि शेवटचे अंक अपडेटनुसार पुढे सरकतात. एका वहीत दर महिन्याचा हा आकडा लिहून ठेवण्याची मी सवय लावून घेतली आहे आणि त्या वहीने मला कुठल्याही अहवालापेक्षा जास्त उपयोग दिला आहे. बसवलेल्या अपडेट्सच्या यादीत केबी क्रमांक, म्हणजे मायक्रोसॉफ्टने त्या अपडेटला दिलेला ओळख क्रमांक, दिसतो हे खरे. पण विंडोज अपडेट जो क्रमांक दाखवते तो अनेकदा संपूर्ण पुडक्याचा असतो आणि यादीत उमटतो तो आपल्या आवृत्तीच्या पोटपुडक्याचा. दोन क्रमांक जुळत नाहीत म्हणून अपडेट बसलेच नाही असे समजणे आणि पुन्हा बसवायला जाणे, ही सर्रास होणारी गोष्ट आहे. दुसऱ्यांदा बसवायला गेले की ‘हे अपडेट तुमच्या संगणकाला लागू नाही’ असा संदेश येतो. तो चुकीच्या विंडोजची फाइल घेतली तरी येतो आणि अपडेट आधीच बसलेले असले तरी येतो. त्यामुळे संदेश वाचून घाबरण्याऐवजी सीएलआर फाइल पाहावी.

बसवायला लागणाऱ्या वेळेबद्दल माझी तक्रार नाही. एसएसडी असलेल्या संगणकावर काही मिनिटांत काम होते. जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या आमच्या दोन संगणकांवर त्याला बराच जास्त वेळ लागतो. रीस्टार्ट बहुधा लागतोच, कारण फ्रेमवर्कच्या फाइली कुठला ना कुठला प्रोग्राम वापरत असतो. परंतु रीस्टार्ट झाला म्हणजे काम संपले असे मात्र नाही, आणि ही गोष्ट माहीत नसल्यामुळे फ्रेमवर्कच्या अपडेटला विनाकारण बोल लागतो, म्हणून ती जरा विस्ताराने सांगते.

डॉट नेटमध्ये लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरच्या भाषेत नसतो. तो एका मधल्या भाषेत असतो आणि चालवताना त्याचे प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर होते. दर वेळी हे रूपांतर करत बसले तर प्रोग्राम उघडायला उशीर होईल, म्हणून फ्रेमवर्कचे स्वतःचे घटक आधीच रूपांतरित करून डिस्कवर ठेवलेले असतात. अपडेटने मूळ घटक बदलले की त्यांच्यावर बेतलेली ही तयार रूपांतरे निरुपयोगी ठरतात आणि ती नव्याने तयार करावी लागतात. हे काम ‘डॉट नेट रनटाइम ऑप्टिमायझेशन सर्व्हिस’ ही सेवा करते. टास्क मॅनेजरमध्ये तिचा प्रोग्राम ‘एमएससीओआरएसव्हीडब्ल्यू’ या न उच्चारता येणाऱ्या नावाने दिसतो आणि प्रोसेसर बराच खात असतो. संगणक रिकामा आहे असे पाहून ती काम करते. अपडेट रात्री बसवून संगणक लगेच बंद केला, तर तिला रिकामा वेळच मिळत नाही. सकाळी काउंटर उघडल्यावर सॉफ्टवेअर नेहमीपेक्षा सावकाश उघडते, टास्क मॅनेजरमध्ये भलतेच नाव दिसते, आणि कोणीतरी व्हायरस शिरल्याचा निष्कर्ष काढून मोकळे होते.

यावरचा उपाय अगदी सोपा आहे. फ्रेमवर्कच्या फोल्डरातच ‘एनजेन’ नावाचा प्रोग्राम असतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांडची खिडकी उघडून त्याला ‘एक्झिक्यूट क्यूड आयटम्स’ ही आज्ञा दिली, की रांगेत राहिलेली सर्व रूपांतरे तो तत्काळ करून टाकतो. ही आज्ञा ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन्ही फोल्डरांत स्वतंत्रपणे द्यावी लागते, कारण दोन्हींची रांग वेगळी असते. आमचे काउंटरचे सॉफ्टवेअर ३२ बिटचे आहे, त्यामुळे केवळ ६४ बिटच्या फोल्डरात आज्ञा देऊन आम्हाला काही उपयोग झाला नसता. सर्व्हरवरही असाच एक परिणाम दिसतो. तेथे आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरवर चालणारी एएसपी डॉट नेटची (डॉट नेटवर बांधलेली) वेब पाने अपडेटनंतर नव्याने कंपाइल होतात, म्हणजे चालवण्याजोग्या रूपात पुन्हा बांधली जातात, आणि प्रत्येक पानाची पहिली मागणी रेंगाळते. म्हणून रीस्टार्टनंतर मी स्वतःच लॉगिनपासून ठेव पावतीपर्यंतची मुख्य पाने एकदा उघडून ठेवते, म्हणजे सकाळी पहिल्या कर्मचाऱ्याला थांबावे लागत नाही.

हे अपडेट बसवताना माझ्याकडून झालेली एक चूक येथे नोंदवणे मला कर्तव्य वाटते, कारण याच चुकीने मला क्युम्युलेटिव्ह या शब्दाचा पूर्ण अर्थ कळला. १४ जुलै २०२० रोजी जे सुरक्षा अपडेट आले त्यात डेटासेट आणि डेटाटेबल या तक्त्यांच्या रूपात माहिती धरणाऱ्या दोन घटकांच्या वागण्यात बदल होता. हे घटक आपली माहिती एक्सएमएल या खुणा घातलेल्या मजकुराच्या रूपात साठवतात आणि परत वाचतात. वाचताना त्या एक्सएमएलमध्ये ज्या कुठल्या प्रकारच्या वस्तूचे (प्रोग्राममधील ऑब्जेक्टचे) नाव असेल ती वस्तू तयार केली जात असे, आणि याचाच फायदा घेऊन बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर आपला कोड चालवता येण्याचा धोका होता. अपडेटने परवानगी असलेल्या प्रकारांची एक यादी ठरवून दिली आणि यादीबाहेरचा प्रकार आला की चूक दाखवून थांबण्याची व्यवस्था केली. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता, आणि ज्यांचे सॉफ्टवेअर यादीबाहेरचे प्रकार वापरते त्यांना कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, ते प्रकार नोंदवण्याची मुभाही दिलेली होती.

मी त्या अपडेटची टिपणे वाचली नाहीत आणि चाचणीसाठी एकही संगणक बाजूला न ठेवता ते एका रात्रीत सगळीकडे बसवले. आमच्या पुरवठादाराने मुदत ठेवींच्या व्याजाचा तक्ता जतन करताना स्वतः बनवलेला एक प्रकार डेटाटेबलमध्ये वापरलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाही काउंटरवर तो तक्ता उघडेना. प्रत्येक ठिकाणी ‘हा प्रकार येथे चालत नाही’ अशा अर्थाचा संदेश येई. ठेवीची मुदत संपलेले दोन वृद्ध सभासद त्या दिवशी हिशेबाविना परत गेले, याचे मला आजही वाईट वाटते. मी एका संगणकावरून ते अपडेट काढले आणि व्याजाचे काम तेवढ्या एका ठिकाणी चालू केले. पुरवठादाराला कॉन्फिग फाइलमधील नोंद पाठवायला तीन दिवस लागले. ती मिळाल्यावर अपडेट पुन्हा बसवले आणि सर्व सुरळीत झाले.

त्या तीन दिवसांत मला जे उमगले ते असे. क्युम्युलेटिव्ह अपडेटमध्ये निवड नसते. या महिन्याची नको असलेली दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या पुडक्यात पुन्हा असते, त्याच्या पुढच्याही. अपडेट काढून टाकता येते. ‘वुसा’ला काढण्याचा पर्याय आणि केबी क्रमांक दिला की ते निघते आणि संगणक आधीच्या अपडेटपर्यंत मागे जातो. पण एका दुरुस्तीसाठी मागे राहायचे ठरवले, तर त्यानंतरची प्रत्येक दुरुस्तीही नाकारावी लागते आणि महिन्यागणिक संगणक अधिक उघडा पडत जातो. तेव्हा अपडेट काढणे हा थोडा वेळ मिळवण्याचा मार्ग आहे; सॉफ्टवेअर नव्या नियमाशी जुळवून घेणे हाच खरा उपाय होय.

असे प्रसंग फार नाहीत, पण जे आहेत ते नोंद घेण्याजोगे आहेत. जुलै २०१८ च्या फ्रेमवर्क अपडेटनंतर मर्यादित अधिकारांनी चालणाऱ्या आणि कॉम घटक (एका प्रोग्रामला दुसऱ्याचे भाग वापरू देणारी विंडोजची जुनी सोय) वापरणाऱ्या काही सर्व्हर प्रोग्रामना ‘प्रवेश नाकारला’ असे उत्तर मिळू लागले, आणि त्याची झळ मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट व बिझटॉक या सर्व्हर प्रोग्रामना आणि जुन्या एएसपी पद्धतीच्या वेब पानांना लागली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेअरपॉइंटमधील जुने वर्कफ्लो (आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळ्या) थांबले, कारण त्यांनी वापरलेले काही प्रकार आता कॉन्फिग फाइलमध्ये आगाऊ अधिकृत करणे आवश्यक झाले होते. डिसेंबर २०२२ मध्ये डब्ल्यूपीएफवर, म्हणजे फ्रेमवर्कमधील खिडक्या-बटणांच्या घटकांवर, बांधलेल्या प्रोग्राममध्ये एक्सपीएस या पीडीएफसारख्या प्रकारचे काही दस्तऐवज नीट उघडेनासे झाले. जून २०२३ मध्ये डिजिटल प्रमाणपत्रे आयात करण्याचे नियम कडक झाल्यामुळे पासवर्डविना बनवलेल्या काही पीएफएक्स (प्रमाणपत्र साठवणाऱ्या) फाइली नाकारल्या जाऊ लागल्या. या चारही प्रसंगांत उत्पादक कंपनीने पुढे मार्ग दिला. जुलै २०१८ चा प्रसंग दुरुस्तीच्या अनपेक्षित परिणामाचा होता. सप्टेंबर २०१८ आणि जून २०२३ मध्ये मात्र फ्रेमवर्कने एक सैल दार जाणीवपूर्वक बंद केले आणि त्या दारातून ये-जा करणाऱ्या सॉफ्टवेअरची अडचण झाली. परीक्षण करताना हा फरक ध्यानात घेतला पाहिजे असे मला वाटते, कारण पहिल्यासाठी अपडेटला गुण कमी द्यावेत, दुसऱ्यासाठी देऊ नयेत.

यानंतर मी जी पद्धत बसवली ती साधी आहे. मायक्रोसॉफ्ट आपली सुरक्षा अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी काढते. हा रिवाज ऑक्टोबर २००३ पासून चालत आलेला आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सकाळी १० वाजता ती प्रसिद्ध होतात, म्हणजे आपल्याकडे तेथील उन्हाळी वेळेनुसार रात्री साडेदहा आणि हिवाळ्यात रात्री साडेअकरा. त्यामुळे आपल्यासाठी कामाचा दिवस बुधवारच असतो. बुधवारी मी टिपणे वाचते. फ्रेमवर्कचे सुरक्षा अपडेट प्रत्येक महिन्यात असतेच असे नाही, हेही तेव्हाच कळते. असेल तर ते माझ्या स्वतःच्या संगणकावर आणि लेखा विभागातल्या एका संगणकावर बसवते आणि दोन्हींवर ठरलेली कामे करून पाहते: पासबुकवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने नोंदी छापणे, ठेव पावतीवर मराठी अक्षरी रक्कम नीट उमटते का हे पाहणे, पिग्मी एजंटच्या यंत्रातून माहिती आत घेणे, व्याजाचा तक्ता उघडणे, आणि एक अहवाल एक्सेलमध्ये पाठवणे. शनिवारपर्यंत काही अडचण आली नाही तर उरलेल्या संगणकांवर आणि शेवटी रविवारी सर्व्हरवर ते बसवले जाते. त्याआधी सर्व्हरचा पूर्ण बॅकअप घेतल्याखेरीज मी फाइलला हात लावत नाही.

महिन्याच्या उत्तरार्धात कधी कधी ‘प्रिव्ह्यू’ या नावाचे ऐच्छिक अपडेट येते. त्यात सुरक्षेखेरीजच्या दुरुस्त्या असतात आणि त्या पुढच्या मासिक अपडेटमध्ये येणारच असतात. काउंटरच्या संगणकावर ते बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी मात्र ते जरूर बसवावे, म्हणजे ग्राहकाच्या आधी त्यांना अडचण दिसेल.

३.५ या जुन्या आवृत्तीविषयी थोडेसे. आमचा पासबुक प्रिंटर ज्या छोट्या प्रोग्रामने चालतो त्याला अजूनही ३.५ लागते, कारण ४.८.१ असली तरी ती ३.५ ची जागा घेत नाही. दोघींची इंजिने वेगळी आहेत. विंडोजच्या वैशिष्ट्यांच्या यादीतून ३.५ चालू करावी लागते, आणि इंटरनेट नसलेल्या संगणकावर ०x८००एफ०८१एफ ही चूक आली तर विंडोजच्या मूळ डिस्कवरील ‘एसएक्सएस’ फोल्डरचा पत्ता ‘डिझम’ या विंडोजच्या दुरुस्ती प्रोग्रामला द्यावा लागतो. विंडोज ११ च्या आमच्या आवृत्तीवर एकच क्युम्युलेटिव्ह अपडेट ३.५ आणि ४.८.१ या दोन्हींना पुरते, ही सोय उत्तम आहे. ३.५ नव्याने चालू केल्यावर विंडोज अपडेट पुन्हा एकदा तपासावे. या आवृत्तीला ९ जानेवारी २०२९ पर्यंतच पाठबळ मिळणार असल्यामुळे प्रिंटरचा प्रोग्राम बदलून घेण्याचे पत्र मी व्यवस्थापनाला दिलेले आहे.

अपडेट बसता बसता फसले तर काय करावे? ०x८००७०६४३ हा क्रमांक सर्वाधिक आढळतो. त्या वेळी आधी ‘डिझम’ने विंडोजचा घटकसाठा दुरुस्त करावा, मग ‘एसएफसी’ या विंडोजच्या तपासणी प्रोग्रामने फाइली तपासाव्यात, रीस्टार्ट करावा आणि कॅटलॉगवरील फाइल हाताने बसवून पाहावी. फ्रेमवर्कच्या दुरुस्तीसाठी मायक्रोसॉफ्टचे एक स्वतंत्र रिपेअर टूलही आहे. आम्हाला एवढ्या पायऱ्यांच्या पुढे जावे लागलेले नाही.

डॉट नेटच्या नव्या शाखेशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. २०२० च्या नोव्हेंबरमधील डॉट नेट ५ पासून पुढची आवृत्ती दर वर्षी येते, एकाच संगणकावर अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात, आणि दीर्घ पाठबळाची आवृत्तीसुद्धा तीन वर्षांतच निवृत्त होते. नोव्हेंबर २०२३ चे डॉट नेट ८ नोव्हेंबर २०२६ पर्यंतच आहे. नवे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने तिकडेच जावे. फ्रेमवर्क मात्र एप्रिल २०१९ च्या ४.८ आणि ऑगस्ट २०२२ च्या ४.८.१ नंतर वाढायचे थांबले आहे. ते विंडोजचा भाग असल्यामुळे ज्या विंडोजवर आहे तिच्याइतकेच त्याचे आयुष्य आहे. वीस वर्षांपूर्वीच्या पायावर उभे असलेले सॉफ्टवेअर आमच्यासारख्या संस्थेला दर तीन वर्षांनी नव्याने बांधून घेणे शक्य नाही. आमचे काउंटर सुरक्षितपणे चालू राहतात ते या मासिक पुडक्याच्या भरवशावर, आणि त्यासाठी वेगळे शुल्क द्यावे लागत नाही.

म्हणून मी याला पाचपैकी चार गुण देते. उरलेला एक गुण मी राखून ठेवला आहे तो सेटिंग्जमध्ये एका ओळीची भर पडेपर्यंत: या संगणकावर फ्रेमवर्कची कोणती आवृत्ती आहे आणि कोणत्या महिन्याचे अपडेट बसलेले आहे. तोवर सीएलआर फाइलचा आकडा माझ्या वहीत लिहिला जाईल.